सरकारच्या पदरची मुले आणि त्यांची शाळा



आपल्या मराठी शाळांतून पूर्वी ‘दिपोटी’ येत असत. डेप्युटी इन्स्पेक्टर हे नाव गुरुजींच्या जिभेला लांब पडले, म्हणून त्याचे दिपोटी झाले. दिपोटी यावयाचे म्हणजे आठ दिवस आधी शाळा सारवून निघे, नकाशावरची धूळ झटकली जाई, आणि ज्याचे नाव हजेरीपटावर आहे पण तोंड कोणी पाहिलेले नाही असा मुलगाही कोठून तरी धरून आणला जाई. ज्याला उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करावा, येत नसेल त्याने डावा, म्हणजे साहेबांना सगळा वर्गच हुशार दिसेल, असे पढवून ठेवणाऱ्या एका गुरुजींची गोष्ट आमचे वडील सांगत. खरी की रचलेली, देव जाणे.

ही थट्टा आपल्याला परवडते, कारण त्या मुलांना घर होते. दिपोटी फसले तरी बाप फसत नसे. मुलगा तिसरीत गेला आणि गावाहून आलेले कार्ड त्याला वाचता येईना, म्हणजे बाप शाळेच्या दारात जाऊन उभा राही. आज मला ज्या मुलांविषयी बोलावयाचे आहे त्यांच्यासाठी असे दारात येऊन उभे राहणारे कोणी नसते. अनाथ, टाकलेली, रस्त्यावर सापडलेली, घरातून पळालेली, गुन्ह्याच्या आरोपावरून धरून आणलेली अशी ही मुले. त्यांना छप्पर सरकार देते, जेवू सरकार घालते, त्यांची शाळाही सरकारी अमलाखाली चालते. आणि ती शाळा नीट चालते की नाही हे पाहावयाचे, तेही सरकारनेच. या शेवटच्या कामाला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून हा विषय निवडला.

सुरुवात १८५० सालापासून करू. त्या वर्षी कंपनी सरकारने १९ वा कायदा केला. धर्मादायावर वाढणारी अनाथ व गरीब मुले, तसेच भटकताना किंवा किरकोळ चोरीत सापडलेली मुले, यांना दहा ते अठरा वर्षांच्या दरम्यान एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देण्याचा अधिकार या कायद्याने मॅजिस्ट्रेटला मिळाला. त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी अशा मुलांसाठी एक उद्योगशाळा काढली. हे बुइस्ट ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक, जातीचे स्कॉटिश, आणि खडकांपासून पावसापर्यंत कशातही लक्ष घालणारे. मुंबईच्या बंदरावर उघडी फिरणारी पोरे त्यांनी पाहिली आणि वर्तमानपत्रात अग्रलेख लिहून न थांबता शाळाच उघडली. पुढे १८५७ साली बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीने त्या कामाला संस्थेचे रूप आले. माहीमला ससून यांच्या नावाने जी उद्योगशाळा आहे तिचे मूळ हे. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम अशी कामे हाताला लावावी, म्हणजे चोरी सुटेल, हा विचार त्यामागे होता. विचार वाईट नव्हता. परंतु मुलगा रंधा किती चालवतो एवढेच पाहावयाचे, की त्याला लिहिता-वाचता किती येते हेही पाहावयाचे, आणि ते कोणी, याचा निर्णय मात्र झालेला नव्हता.

हा निर्णय खुद्द विलायतेतही झालेला नव्हता. आपले कायदे त्या काळी तेथील कायद्यांच्या सावलीत वाढत, म्हणून थोडे तिकडे जाऊन येणे भाग आहे.

ब्रिस्टल शहरात मेरी कार्पेंटर नावाची एक धर्मोपदेशकाची मुलगी होती. जन्म १८०७ चा. लग्न केले नाही. आयुष्य गल्लीतल्या पोरांत घालविले. १८५२ साली तिने किंग्जवुड येथे मुलांसाठी सुधारशाळा काढली आणि १८५४ साली रेड लॉज नावाच्या जुन्या वाड्यात मुलींसाठी. हा वाडा कवी बायरनच्या पत्नीने विकत घेऊन दिला होता. त्याच वर्षी पार्लमेंटने बाल गुन्हेगारांचा कायदा केला, पण त्यात एक मेख मारून ठेवली: सुधारशाळेत जाण्यापूर्वी मुलाने निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत. आधी शिक्षा, मग शिक्षण. कार्पेंटरबाई याविरुद्ध जन्मभर भांडल्या. ज्याला आपण शाळेत पाठवणार त्याला आधी तुरुंगाची ओळख कशासाठी करून द्यावयाची, हा त्यांचा साधा प्रश्न. तो कायद्यातून पुरता निघावयास १८९९ साल उजाडले, तोवर बाईंना जाऊन बावीस वर्षे झाली होती.

तपासणीच्या बाबतीत तिकडे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १८५७ साली सुधारशाळांसाठी पहिला निरीक्षक नेमला तो सिडनी टर्नर नावाचा पाद्री. रेडहिलची शेतीशाळा त्याने स्वतः चालवलेली, त्यामुळे काम जाणणारा. पण त्याचा वरिष्ठ गृहखात्यात. त्याच वर्षी ज्या मुलांनी गुन्हा केलेला नाही पण जी निराधार आहेत त्यांच्यासाठी उद्योगशाळांचा कायदा झाला, आणि या शाळा शिक्षण समितीच्या देखरेखीखाली दिल्या गेल्या. योग्यच झाले. पण तीन वर्षेही नीट लोटली नाहीत तोच, १८६० साली, त्याही उचलून गृहखात्याच्या हवाली झाल्या. ज्यांनी काही केलेले नाही त्या मुलांची शाळाही पोलिसांच्या खात्याने पाहावी असा तो फेरफार.

आता जिच्यासाठी मी हा वळसा घेतला त्या बाईंकडे येतो. जेन नॅसॉ सीनियर हे तिचे नाव. ‘टॉम ब्राउन’ लिहिणाऱ्या टॉमस ह्यूजची ही बहीण, आणि १८३४ च्या दारिद्र्य कायद्याचा पाया घालणाऱ्या अहवालाचे एक लेखक अर्थशास्त्रज्ञ नॅसॉ सीनियर, त्यांची सून. त्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या अनाथ मुलांच्या मोठमोठ्या शाळा लंडनभोवती होत्या. एकेका इमारतीत शेकडो मुले. घंटेवर उठावयाचे, घंटेवर जेवावयाचे, घंटेवर निजावयाचे. तपासणीला अनुभवी निरीक्षक जात, मुलींकडून वाचून घेत, गणिते घालीत आणि चांगला शेरा लिहून परत येत. १८७३ साली मंत्री जेम्स स्टॅन्सफेल्ड यांनी सीनियरबाईंना सांगितले की, या शाळांत मुलींचे शिक्षण कसे होते ते एका बाईच्या नजरेने पाहून या. विलायती सरकारच्या कचेरीत एवढ्या जबाबदारीच्या पदावर बसलेली ही पहिली स्त्री.

बाईंनी शाळा पाहिल्या, वर्ग पाहिले, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. शाळा सोडून गेलेल्या मुलींचा त्यांनी माग काढला. कोण कोणाच्या घरी मोलकरीण आहे, टिकली की पळाली, मालकीण काय म्हणते, मुलगी काय म्हणते, हे सहकाऱ्यांच्या मदतीने घरोघर जाऊन विचारले. आणि निराळेच चित्र दिसले. वाचनात उत्तीर्ण झालेल्या मुलीला दुकानात जाऊन पैसे मोजून वस्तू आणता येत नव्हती, कारण तिने हातात कधी नाणे धरले नव्हते. घंटेवाचून दिवस कसा काढावा हे तिला माहीत नव्हते. तिच्यावर कोणी माया केलेली नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या मुलाला कसे घ्यावे हेही तिला कळत नव्हते. १८७४ च्या आपल्या अहवालात बाईंनी हे लिहिले आणि मोठ्या बराकींऐवजी लहान घरे असावीत, मुली कुटुंबांतून ठेवाव्यात, शाळा सोडल्यावरही त्यांच्याकडे कोणीतरी जात-येत राहावे, असे सुचविले. निरीक्षक खवळले. त्यांचे आकडे चांगले होते ना! बाईंची प्रकृती ढासळली, त्याच वर्षी त्यांनी पद सोडले आणि १८७७ साली त्या वारल्या. मेरी कार्पेंटर गेल्या त्याही १८७७ सालीच.

माझ्या मते शाळा तपासण्याच्या इतिहासात सीनियरबाईंचा हा अहवाल फार मोलाचा आहे. मुलगी वर्गात असेतोवरच शाळा तपासली तर अर्धीच तपासली, हे त्यांनी कागदावर आणले. दीडशे वर्षे होऊन गेली; अजूनही बहुतेक तपासण्या वर्गाच्या उंबरठ्याशीच संपतात.

आता परत येऊ. मेरी कार्पेंटर १८६६ साली हिंदुस्थानात आल्या तेव्हा त्यांचे वय साठीला टेकले होते. त्या वयात बोटीने येऊन त्यांनी मुंबई, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता पाहिले आणि पुढे आणखी तीन वेळा आल्या. आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव येते. पण तुरुंग आणि मुलांच्या सुधारशाळा हाही त्यांच्या मनातील तितकाच मोठा विषय. मुंबईतील ससूनची संस्था त्यांनी पाहिली, आणि लहान मुले मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेलीही पाहिली. त्यांनी आणि इतरांनी केलेल्या खटपटीनंतर १८७६ साली हिंदुस्थान सरकारने सुधारशाळांचा कायदा केला. त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८९७ ची. येरवडा, चेंगलपट्टू, अलीपूर, हजारीबाग, बरेली, जबलपूर या ठिकाणी ज्या सुधारशाळा निघाल्या त्या याच कायद्यांखाली. मुलाला तीन ते सात वर्षे तेथे ठेवता येई. अठरा पुरी झाली की सोडावे लागे.

या १८९७ च्या कायद्याचे सहावे कलम वाचण्यासारखे आहे. सुधारशाळेत काय काय असलेच पाहिजे ते त्यात सांगितले आहे. रात्री मुलांना वेगवेगळे निजविण्याची सोय. आरोग्याची व्यवस्था, पाणी, अन्न, कपडे व अंथरूण. उद्योग शिकविण्याची साधने. आणि आजारी मुलांसाठी खोली. झाले. शाळा म्हणून नाव दिलेल्या या संस्थेत वाचन-लेखन असावे असे त्या कलमात कोठेही म्हटलेले नाही! अंथरुणाची आठवण झाली, अक्षराची झाली नाही. प्रत्यक्षात बहुतेक सुधारशाळांतून थोडेफार शिकवीत असत. परंतु जे कायद्यात नाही ते तपासणीतही येत नाही, हा सरकारी कामाचा जुना नियम आहे.

तपासणीची व्यवस्था मात्र वाटते तितकी ढिली नव्हती. तुरुंगांचे इन्स्पेक्टर जनरल हे वरचे अधिकारी. खाली, ज्या शाळेला व्यवस्थापक मंडळ नसेल तिला पाहुण्यांची एक समिती. तिच्यात पाचांहून कमी माणसे नकोत आणि त्यांतली निदान दोन एतद्देशीय हवीत. समितीने महिन्यातून एकदा तरी शाळेत जावे, मुलांच्या तक्रारी ऐकाव्या, शिक्षेचे पुस्तक उघडून पाहावे, आणि बेकायदा कोंडलेला कोणी नाही ना याची खात्री करावी. शिक्षेचे पुस्तक पाहा म्हणून कायदा सांगतो, धड्याचे पुस्तक पाहा म्हणून सांगत नाही, हे खरे. तरी महिन्याला बाहेरचे माणूस आत येऊन मुलांना ‘काय रे, काही सांगावयाचे आहे का?’ असे विचारणार, ही कल्पना त्या काळाच्या मानाने चांगली होती. अडचण होती ती वरच्या टोकाला. तुरुंगाचा अधिकारी आला की तो तुरुंगाच्या सवयीने पाहतो: डोकी भरली का, कुलपे बसतात का, कारखान्यातून माल किती निघाला. यात त्याचा दोष नाही. सोनाराला घागर दाखवली तर तो तिचे वजनच करणार.

याच सुमारास पुण्यातच एका गृहस्थाने तपासणीविषयी लिहून ठेवलेले आहे. पुण्यातली वसंत व्याख्याने माधवराव रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. त्यानंतर सात वर्षांनी, १८८२ च्या ऑक्टोबरात, जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही त्यातली मागणी आपण नेहमी ऐकतो. तपासणीवरचा मजकूर सहसा कोणी वाचीत नाही. जोतीराव म्हणतात की, शाळांवरील देखरेख अपुरी आणि सदोष आहे. दिपोटी वर्षातून एकदा येऊन जातात त्याचा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी. शिवाय मध्येच, आगाऊ वर्दी न देता, शाळेत जावे. आणि जिल्ह्याच्या व गावच्या अंमलदारांवर हे काम सोपवून चालणार नाही, कारण त्यांच्यामागे इतकी कामे असतात की त्यांना जावयास सवड होत नाही, आणि गेलेच तर वरवर पाहून येतात.

हे सुधारशाळांविषयी लिहिलेले नाही. गावोगावच्या साध्या शाळांविषयी आहे. परंतु ते ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे, कारण पुढे त्याची गाठ पडणार आहे.

१८९९ साली हिंदुस्थान सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली. सुधारशाळा तुरुंगखात्याकडून काढून शिक्षणखात्याकडे सोपविण्याचे धोरण ठरले. कायद्यात सोयही होती. इन्स्पेक्टर जनरल म्हणजे स्थानिक सरकार ज्याला नेमील तो, अशी व्याख्या होती. मौज अशी की, विलायतेने शाळा शिक्षणाकडून गृहखात्याकडे नेल्या, आणि येथे त्यांच्याच अधिकाऱ्यांनी चाळीस वर्षांनंतर उलट पाऊल टाकले. त्यामुळे सुधारशाळांची माहिती तुरुंगांच्या अहवालांऐवजी शिक्षणाच्या अहवालांतून येऊ लागली. किती मुले कोणत्या इयत्तेत आहेत, सुटलेली मुले पुढे काय करतात, असे प्रश्न छापील पानावर दिसू लागले. सुटलेल्या मुलावर काही वर्षे नजर ठेवून त्याचे काय झाले ते नोंदवावयाचे, हा तर सीनियरबाईंचाच प्रश्न. नजर ठेवणारे बहुधा पोलीस, हा फरक होता. तो लहान नाही.

त्याच काळात दुसरीकडे निराळेच चालले होते. १९११ च्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना वसाहतींत कोंडले, आणि त्यांची सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. या मुलांना आईबाप होते, आणि तरीही ती सरकारच्या पदरी आली. सोलापूरची सेटलमेंट आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. मोठी माणसे गिरण्यांत कामाला आणि मुले शाळेत. मुंबई इलाख्यात या वसाहतींचे काम पाहणारे स्टार्ट नावाचे अधिकारी कष्टाळू होते, शाळांवर त्यांचा भर होता, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९२८ साली नेमलेल्या समितीत डॉ. आंबेडकर सभासद होते. त्या समितीच्या कामातून मागासवर्ग खाते पुढे आले. हे सर्व मान्य करूनही सांगितले पाहिजे की, तारेच्या कुंपणात घेतलेल्या शाळेची हजेरी शंभर टक्के भरली म्हणून तिला चांगली शाळा म्हणता येत नाही. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर गेला.

मुंबईकडे पाहिले तर १९२० नंतरची वर्षे उजेडाची वाटतात. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये असावीत असे सांगितले होते. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली मुलांचे कायदे केले. १९२७ साली मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ निघाली आणि मुलांचे न्यायालय सुरू झाले. डोंगरीचे रिमांड होम मुंबईकरांच्या बोलण्यात इतके रुळले की, हूड मुलाला दम भरताना ‘डोंगरीला धाडीन’ असे आया म्हणू लागल्या. ‘सुधारशाळा’ हे नाव मागे पडून ‘प्रमाणित शाळा’ आले. त्यांच्यासाठी मुख्य निरीक्षक आला. १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्य शिकविणारी संस्था मुंबईत निघाली, आणि प्रोबेशन अधिकारी म्हणून शिकलेली माणसे मिळू लागली. मुलाच्या घरी जाऊन त्याची हकीकत लिहून आणणारा माणूस न्यायालयाला प्रथमच मिळाला.

स्वातंत्र्यानंतर खाती बदलत गेली. १९४८ चा नवा मुलांचा कायदा, १९५७ च्या सुमारास समाजकल्याण, १९९३ पासून महिला व बालविकास. तुरुंगातून शिक्षणाकडे, शिक्षणातून कल्याणाकडे असा मुलांचा हा प्रवास. कल्याण हा शब्द गोड आहे, आणि मुलाला गुन्हेगार न समजता गरजू समजावे हा बदल मोठा आहे, यात वाद नाही. पण या स्थलांतरात एक गोष्ट निसटली. शिक्षणखात्याचा तपासनीस शेजारच्या नगरपालिकेच्या शाळेत जातो. भिंतीपलीकडच्या बालगृहातला वर्ग ‘त्या खात्याचा’ म्हणून पुढे निघून जातो. ज्या खात्याचा तो वर्ग, त्याच्याकडे शिधा तपासणारे, इमारत तपासणारे, हिशेब तपासणारे असतात. धडा तपासणारा शोधावा लागतो.

१९८६ साली पत्रकार शीला बारसे यांनी हे दार ठोठावले. तुरुंगात ठेवलेल्या मुलांविषयी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मुंबईच्या निरीक्षणगृहाच्या कारभाराविषयी त्यांचा जो दुसरा दावा होता त्याचा निकाल त्या वर्षीच्या डिसेंबरात लागला. न्यायालयाने सांगितले की, मुलांना अशा जागी फार दिवस अडकवून ठेवू नये, आणि जितके दिवस ती तेथे आहेत तितके दिवस त्यांच्या मनाला व हाताला योग्य उद्योग असावा. आणि अशी गृहे चालविणारी संस्था ही सरकारचाच भाग समजली जाईल. त्याच वर्षी देशभराला एक असा बाल न्याय कायदा झाला. पुढे २००० साली तो नव्याने आला, आणि २०१५ साली पुन्हा नव्याने, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

या २०१५ च्या कायद्यात १८९७ ची चूक सुधारलेली आहे. त्रेपन्नाव्या कलमात मुलाच्या वयाला व गरजेला योग्य असे शिक्षण स्पष्ट लिहिले आहे, विशेष गरजा असणाऱ्या मुलांचाही उल्लेख आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याशी त्याची सांगड आहे. अक्षराला शेवटी अंथरुणाशेजारी जागा मिळाली. बाल न्याय मंडळाने महिन्यातून निदान एकदा आणि बालकल्याण समितीने महिन्यातून निदान दोनदा गृहांना भेट द्यावी. याखेरीज चोपन्नाव्या कलमाप्रमाणे तपासणी समिती: तिने दर तीन महिन्यांत एकदा तरी जावे, एका वेळी तिघांहून कमी जाऊ नये, आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यावा. दर तीन महिन्यांनी! जोतीरावांनी १८८२ साली मागितले तेवढेच, एकशे तेहतीस वर्षांनी. वर्दी न देता जाण्याचे मात्र या कलमात नाही. आणि त्या तिघांत कोण असावे? एक तरी स्त्री असावी, एक वैद्यकीय अधिकारी असावा. दोन्ही अटी रास्त आहेत. शिक्षक असावाच असे ते कलम म्हणत नाही. मुलाची जीभ बाहेर काढून पाहणारा माणूस कायद्याने नेमला. त्याच जिभेने वाचून दाखव म्हणणारा नेमावयाचा राहिला. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांवर या कामाची अधिक जबाबदारी टाकली आहे. कामांच्या ढिगाखाली असलेल्या अंमलदारांविषयी जोतीराव काय म्हणाले होते ते मघाशी सांगितलेच.

भेटींची संख्या वाढली म्हणजे काम झाले असे मानू नये, हे आपल्याला २०१८ साली फार कटू रीतीने कळले. बिहार सरकारने तेथील निवारागृहांची सामाजिक तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे दिली. तिच्या माणसांनी नोंदवह्या तर पाहिल्याच, पण मुलामुलींजवळ बसून त्यांना बोलू दिले. मुजफ्फरपूरच्या गृहात मुलींवर काय अत्याचार चालले होते ते त्यातून उघडकीस आले, आणि दिल्लीच्या न्यायालयाने २०२० साली दोषींना शिक्षा दिल्या. त्या गृहात तोवर सरकारी माणूस फिरकलाच नव्हता असे नाही. पण मुलींना बोलते करण्याइतका वेळ बाहेरच्या माणसाने दिला तो तेव्हा.

आता एक घरगुती अनुभव सांगतो आणि आपला वेळ घेणे थांबवतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी, नाव सांगत नाही, मुलांच्या गृहात जाण्याचा योग आला. कचेरीत भेटवही होती. ती चाळली. ‘भेट दिली. स्वच्छता समाधानकारक. जेवण चाखून पाहिले.’ पाने उलटली तरी शेरा तोच. सह्या तेवढ्या निरनिराळ्या. जेवण चाखले हे चांगलेच केले. वर्गात वीस-बावीस मुले होती. एक आठ वर्षांचा, एक पंधराचा; दोघे तेलुगू बोलणारे, एक बिहारकडचा, एकाने सहावीपर्यंत शिकून शाळा सोडलेली, एकाने फळा कधी पाहिलेला नाही. शिकविणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘दर सोमवारी मी पुन्हा अ-आ-ई पासून सुरू करते. नवी मुलं येतात ना. जुन्यांना कंटाळा येतो, पण करू काय?’ कोणी आठ दिवस राहतो, कोणी आठ महिने. आज दिसलेला मुलगा उद्या दुसऱ्या जिल्ह्यात पाठवला गेलेला असतो. शाळेचा दाखला मागवावा तर मुलगा गाव नीट सांगत नाही, आणि आलाच दाखला तर तो मुलाच्या मागे दोन महिन्यांनी पोहोचतो.

बाईंनी टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढून दाखविली. सरकारी नव्हे, पदरच्या पैशाने घेतलेली. दर मुलाला एक पान. कोठून आला, घरची भाषा कोणती, जोडाक्षरे येतात का, वजाबाकी हातच्याची की बिनहातच्याची, कोणत्या गोष्टीला हसतो. मुलाला हलविण्याचा हुकूम आला की त्या पानाची नक्कल करून त्या त्याच्या कागदांना टाचणीने लावून देत. छापील अर्जात या मजकुराला रकाना नव्हता. मी विचारले, ‘पुढच्या ठिकाणी हे वाचतात का?’ बाई म्हणाल्या, ‘अजून कोणाचं उत्तर आलेलं नाही. पण एकदा एक मुलगा वर्षाने फिरून इथंच आला. त्याच्या कागदांना माझंच पान लावलेलं होतं, आणि टाचणी काढलेली नव्हती.’